वारा फुकट, ऊन फुकट, मग एवढे कागद कशाला?

चार दिवस रिपरिप चालू आहे, रानात वापसा नाही, आल्याच्या सरीत पाय रुततोय. त्यामुळं डोक्यात बरेच दिवस घोळत असलेलं आज लिहून टाकतो. लांबलं तर दोन बैठकीत वाचा.

आमच्या खटाव तालुक्यात सध्या सोलरसाठी जमिनी भाड्यानं मागायला माणसं फिरतायत. गावात पारावर हाच विषय. परवा एक जण म्हणाला, "वारा फुकट, ऊन फुकट, मग एवढे कागद कशाला? पॅनल टाकायचं आणि लाईट घ्यायची." प्रश्न साधा आहे, पण उत्तर शंभर वर्षांचं आहे. मी दहावी पास माणूस, वकील नाही. पण हे कायदे वाचायला मिळतात, काही मराठीत आहेत, नाही त्यासाठी पुतण्या आहे. दोन पावसाळे थोडं थोडं वाचलं. त्यातनं जे कळलं ते असं, की वारा-ऊन-पाणी यातनं वीज करायचं यंत्र इंजिनिअर उभं करतो, पण ते फिरतं ठेवतो तो कायदा. आणि त्यात आपल्या वाट्याला काय येतं तेही कायदाच ठरवतो. बहुतेक वेळा हे दुसरं लिहायचं राहून गेलं.

सुरुवात मुळशीपासून करावी लागेल. आज आपण अक्षय ऊर्जा म्हणतो त्यात पाण्याची वीजही धरतात. महाराष्ट्रात ती फार आधी आली. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधले आणि १९१५ साली खोपोलीला पाण्यावरची वीज सुरू झाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, दगडी कोळसा लांबून आणावा लागायचा, आणि सह्याद्रीवर पाऊस तर धो धो पडतो. कल्पना चांगलीच होती. मग मुळा-निळेच्या संगमाजवळ मोठं धरण घालायचं ठरलं. तिथं मावळ्यांची भातखाचरं होती.

इथं कायदा आला. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा. त्यात सरकारला स्वतःसाठी तर जमीन घेता यायचीच, पण कंपनीसाठीसुद्धा घेता यायची. 'सार्वजनिक हित' म्हटलं की झालं. शेतकऱ्यानं हो म्हणायची गरज नव्हती. त्यानं फक्त भाव कमी आहे म्हणून भांडायचं. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पुढं सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि शेकडो मावळे तुरुंगात गेले, बायकासुद्धा गेल्या. पण पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडं अडकलेल्या होत्या. मोबदल्याची बोलणी सुरू झाली तेव्हा सावकाराचं हित एकीकडं आणि कसणाऱ्याचं दुसरीकडं झालं. सावकाराला रोख पैसा मिळाला तर हवाच होता. लढा तिथं फुटला. धरण झालं आणि १९२७ साली भिऱ्याला वीज सुरू झाली.

मला या गोष्टीत धरणापेक्षा कायद्याचं काम जास्त दिसतं. अक्षय ऊर्जेला कायद्यानं आधार दिला का, तर दिला, भक्कम दिला. फक्त तो सगळा एका बाजूला दिला. कंपनीला जमीन, पाणी, शहरात गिऱ्हाईक, सगळं कागदावर पक्कं. ज्याचं खाचर गेलं त्याच्या घरात त्या विजेचा दिवा लागेल असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

मग खेड्यात लाईट आली कशी? तर तीही कायद्यानंच. १९१० च्या वीज कायद्यात परवाना घेणाऱ्या कंपनीनं आपल्या भागात वीज विकायची, अशी रीत होती. कंपनी जिथं पैसा आहे तिथंच खांब रोवणार, वाडीवर कशाला येईल? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज हा विषय त्यांच्याकडंच होता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. देशाची वीज तुकड्यातुकड्यानं कंपन्यांवर न सोडता सरकारनं पुढाकार घेऊन ती स्वस्त आणि मुबलक करावी, असं त्यांनी १९४३ पासून मांडलं. त्याच काळातल्या विचारातनं पुढं १९४८ चा वीज पुरवठा कायदा आला. त्यानं प्रत्येक राज्यात वीज मंडळ काढायची वाट केली. आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ २० जून १९६० ला झालं. त्या मंडळाला आपण किती शिव्या दिल्या असतील त्याचा हिशेब नाही, पण आमच्या वस्तीवर खांब आला तो त्या कायद्यामुळं. नफ्याचा हिशेब केला असता तर आज पण आला नसता.

मात्र त्याच कायद्यात एक गोम होती. वीज करणारा तोच, वाहून नेणारा तोच, विकणारा तोच, आणि दर ठरवणाराही तोच. दुसऱ्या कुणी चार युनिट वीज केली तर ती घ्यायची का नाही, घेतली तर काय भावानं, सगळं मंडळाच्या मर्जीवर. तारा मंडळाच्या. आपल्याकडं ऊस भरपूर पण कारखाना एकच, आणि तो म्हणतो तोड देणार नाही. मग उसाचं काय करणार, सांगा!

सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हा दिल्लीत हालचाल झाली. १९८१ मध्ये एक आयोग, ८२ मध्ये खातं, १९९२ मध्ये त्याचं स्वतंत्र मंत्रालय. १९८७ साली कर्ज द्यायला 'इरेडा' निघाली. आपल्या राज्यात १९८५ पासून 'महाऊर्जा' आहे. नमुन्याच्या पवनचक्क्या पण लागल्या, त्यातल्या काही कोकणात देवगडला. पण नमुना तो नमुनाच. खाजगी माणूस यायला हवा असेल तर विकत घेणारा लागतो. १९९३ मध्ये दिल्लीच्या मंत्रालयानं राज्यांना सुचवलं, की अशी वीज सव्वादोन रुपये युनिटनं घ्या, १९९४-९५ साल धरा आणि दरवर्षी पाच टक्के वाढवा. सुचवलं, म्हणजे ते बंधन नव्हतं. काही राज्यांनी ऐकलं, काहींनी नाही.

बंधन नव्हतं तिथं सरकारनं दुसरा मार्ग काढला, तो आयकराचा. नव्वदच्या दशकात पवनचक्की लावली की तिची शंभर टक्के किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून नफ्यातनं वजा करता यायची. वर राज्यानं विक्रीकरात सवलत दिली. मग काय! वनकुसवडेच्या पठारावर, चाळकेवाडीला, पुढं सांगली जिल्ह्यात ढालगावकडं, पवनचक्क्यांचं रानच उठलं. त्या वेळी पाटण तालुक्यात गेलेल्यांनी वनकुसवडेचं पठार बघितलं असेल. खाली कोयनेचं पाणी, ज्या पाण्याच्या विजेसाठी साठच्या दशकात गावंच्या गावं उठवली, आणि वर त्याच डोंगराच्या माथ्यावर ही पांढरी पाती. एकाच ठिकाणी दोन पिढ्यांची वीज. पवनचक्कीचा मालक कोण म्हणून विचारलं तर कुठला तरी लांबचा कापडवाला नाहीतर औषधवाला. त्याला वाऱ्याशी देणंघेणं नव्हतं, त्याला कर वाचवायचा होता.

यातली चूक नीट बघा, कारण असं शेतीच्या योजनांतही होतं. सवलत कशाला दिली? यंत्र उभं केल्याला. वीज केल्याला नाही. ठिबकची नळी अनुदान घेईपर्यंत रानात आणि नंतर गोठ्यावर गुंडाळलेली, तसलाच प्रकार. पाती फिरो न फिरो, पहिल्या वर्षी मालकाचा फायदा झालेला. जागा निवडताना वारा मोजण्यापेक्षा मार्च अखेर गाठायची घाई. सरकारच्या हे पुढं लक्षात आलं. २००२ पासून ती सवलत ऐंशी टक्क्यांवर आणली, आणि २००९ मध्ये प्रत्यक्ष ग्रिडमध्ये सोडलेल्या प्रत्येक युनिटला पन्नास पैसे द्यायची योजना आली. ही सुधारणा योग्य होती. पण मार्च २०१२ नंतर दोन्ही एकदम काढून घेतलं. देशात आदल्या वर्षी तीन हजार मेगावॅटच्या वर पवनचक्क्या लागल्या होत्या, त्या पुढच्या वर्षी जवळजवळ निम्म्यावर आल्या. मग हळूहळू परत दिलं. कायदा नि कर असे धरसोडीचे असले की माणूस पैसा लावत नाही. कांद्याच्या निर्यातबंदीवरनं हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मधल्या काळात एन्रॉन होऊन गेलं. ती अक्षय ऊर्जा नव्हे, पण त्याच्याशिवाय पुढचा कायदा कळत नाही. १९९१ मध्ये वीज तयार करायला खाजगी कंपन्यांना दार उघडलं. १९९३ मध्ये मंडळानं दाभोळच्या प्रकल्पाशी करार केला. वीज घ्या न घ्या, ठराविक पैसे द्यायचेच, आणि हिशेब डॉलरच्या भावाला बांधलेला. १९९९ ला वीज सुरू झाली. काही काळ ती युनिटला सात रुपयांच्या वर पडली. २००१ ला सगळं बंद. करार करताना दर योग्य आहे का, हे लोकांसमोर तपासणारं कुणी नव्हतं. ते तपासायला महाराष्ट्र वीज नियामक आयोग झाला १९९९ मध्ये, म्हणजे करार होऊन सहा वर्षांनी. घोडा गेल्यावर तबेल्याला कडी.

पण ती कडी पुढं कामाला आली. आता आपण आलो २००३ च्या वीज कायद्यावर. १० जून २००३ ला तो लागू झाला. त्यानं १९१०, १९४८ आणि १९९८ चे जुने कायदे बाजूला केले. एवढा मोठा कायदा, त्यात अक्षय ऊर्जेबद्दल ओळी मोजक्याच. पण कलम ८६ मधली एक ओळ, पोटकलम १ चा खंड 'ई', मी तीन-चारदा वाचली. तिचा मतलब असा: आयोगानं अशा विजेला उत्तेजन द्यायचं, तिला तारांना जोडून घ्यायची व्यवस्था करायची, ती कुणालाही विकता येईल असं करायचं, आणि वितरण कंपनीनं आपल्या एकूण विजेतला अमुक टक्के भाग अशा विजेचाच घ्यायचा हे ठरवून द्यायचं.

बस्स, एवढंच. पण खेळ इथं बदलला. आधी मंडळाची मर्जी होती, आता विकत घेणं बंधनकारक झालं. जगात हे आधी झालं होतं. अमेरिकेनं १९७८ ला आणि जर्मनीनं १९९० ला असाच, म्हणजे छोट्याची वीज मोठ्या कंपनीनं घेतलीच पाहिजे असा, कायदा केला होता. पण ते श्रीमंत देश. आपल्याकडं वितरण कंपनीच कर्जात, लोडशेडिंग बारा-बारा तासांचं, आणि तिला सांगायचं की महागातली वीज घे. हे सोपं नव्हतं.

आपल्या आयोगानं मात्र वाट काढली. २४ नोव्हेंबर २००३ चा आदेश आहे. नव्या पवनचक्कीची वीज पहिल्या वर्षी साडेतीन रुपयांनी घ्यायची, दरवर्षी पंधरा पैसे वाढवायचे, असं तेरा वर्षं. म्हणजे तेराव्या वर्षी पाच रुपये तीस पैसे. हा आकडा लिहिलेला असला की बँकेत जाता येतं. बँकेला वारा कळत नाही, तिला करार कळतो. पुढं २००६ मध्ये आयोगानं टक्केवारी ठरवली. पहिल्या वर्षी तीन टक्के, दरवर्षी एकेक वाढवत २००९-१० ला सहा टक्के. त्याच वाटेनं साखर कारखान्यांची चिपाडाची वीजही आली. आपला ऊस गाळून उरलेल्या चिपाडावर कारखाना वीज करतो आणि विकतो. त्याचे पैसे उसाच्या भावात किती उतरतात हा वेगळा लेखाचा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. शिरलो तर रात्र जाईल.

बंधन होतं, पण मोडलं तर? इथं कायदा ढिला पडला. ठरलेले टक्के भरले नाहीत तर दंडाची सोय नियमांत होती, पण वितरण कंपनी सांगायची की वीज मिळाली नाही, पैसा नाही, आणि मग पुढच्या वर्षी भरा म्हणून मुदत वाढायची. बऱ्याच राज्यांत हेच. दुसरीकडं स्वतःचा वीज प्रकल्प असलेले मोठे कारखाने कोर्टात गेले, की आम्हाला हे बंधन लागू नाही. सुप्रीम कोर्टानं मे २०१५ मध्ये राजस्थानच्या खटल्यात सांगितलं, की तुम्हालाही लागू आहे. पुढं २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कोळसा-तेल सोडून बाकीच्या विजेचं बंधन तिथं दंडासहित आलं. २०२४-२५ साठी एकोणतीस पूर्णांक एक्क्याण्णव टक्के, २०२९-३० साठी त्रेचाळीस पूर्णांक तेहतीस. तीन टक्क्यांवरनं त्रेचाळीस. वीस-बावीस वर्षांत कायद्यानं पल्ला किती गाठला ते यावरनं कळतं.

आणि भाव? २०१० मध्ये केंद्राचं सौर अभियान निघालं तेव्हा पहिल्या बोलीत सोलरची वीज दहा-बारा रुपयांना होती. लोक म्हणायचे श्रीमंतांची चैन आहे. २०१७ ला राजस्थानात भडल्याला बोली गेली दोन रुपये चव्वेचाळीस पैशांवर. पॅनल जगभर स्वस्त झालं हे खरंच. पण पंचवीस वर्षं वीज घेणारा कागदावर पक्का आहे, म्हणून कर्ज स्वस्त मिळालं आणि बोली लावायला गर्दी झाली, हेही तितकंच खरं.

आता आपल्या रानात येऊ. या सगळ्या इतिहासात शेतकरी कुठं होता? वनकुसवडेकडं माझा एक मावसभाऊ आहे. त्यांचं डोंगरमाथ्यावरचं वरकस रान एका एजंटानं घेतलं, एका दुभत्या म्हशीच्या किमतीत. त्या माळाला कुसळाशिवाय काही यायचं नाही, त्यामुळं त्यांना वाटलं बरं झालं. वर्षभरानं तिथं करोडोंचं यंत्र उभं राहिलं. फसवलं म्हणावं तर खरेदीखत कायदेशीर, सह्या खऱ्या. खोट एवढीच होती, की त्या माळावर वारा किती आहे हे एजंटाला मोजमाप करून ठाऊक होतं आणि विकणाऱ्याला नव्हतं. साडेतीन रुपयांच्या आदेशात यंत्राचं कर्ज, व्याज, देखभाल, मालकाचा नफा, सगळं धरलं होतं. जमीनवाल्याचा वाटा असा काही रकाना नव्हता. मुळशीला जमीन जबरीनं गेली, इथं राजीखुशीनं गेली, पण नंतर मिळकतीत वाटा दोन्हीकडं नाही.

तारांचंही तेच. कलम १६४ प्रमाणं १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार वीजवाल्यांना देता येतात. म्हणजे इंग्रजांनी तारायंत्रासाठी केलेल्या कायद्याच्या जोरावर आज आपल्या उभ्या पिकात टॉवर येतो. सोलर नि पवनचक्क्या लांब माळावर, गिऱ्हाईक शहरात, त्यामुळं टॉवर वाढतच जाणार. मोबदल्याचे शासन निर्णय आहेत, पण ते मागावे लागतात, भांडावं लागतं.

बदल दिसायला लागला तो अलीकडं. १ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा कायदा गेला आणि नवा भूसंपादन कायदा आला. पण सोलरवाले आता जमीन घेतच नाहीत, भाड्यानं मागतात, म्हणून भाडेकराराकडं बघायला हवं. २०१७ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. गावाच्या सबस्टेशनजवळ सोलर लावायचं, ती वीज थेट शेतीच्या फिडरवर सोडायची, आणि शेतकऱ्याला दिवसा लाईट द्यायची. ही कल्पना मला मनापासून पटली. आठवड्याच्या पाळीनं रात्री पाणी पाजणं म्हणजे काय हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. अंधारात पायाखाली काय आहे दिसत नाही, हल्ली बिबट्याची भीती वेगळीच. ऊन दिवसा पडतं आणि पिकाला पाणीही दिवसाच द्यायला बरं. एवढी सरळ गोष्ट कायद्याच्या चौकटीत बसायला शंभर वर्षं लागली. २०१९ ला केंद्राची कुसुम योजना आली, मे २०२३ ला सौर कृषी वाहिनीची दुसरी आवृत्ती. तिचा पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यात धोंदलगावला झाला, तीन मेगावॅटचा.

दुसऱ्या आवृत्तीचा शासन निर्णय जमीन देणाऱ्यानं वाचलाच पाहिजे. खाजगी जमिनीला वर्षाला हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये भाडं, म्हणजे एकराला साधारण पन्नास हजार. दरवर्षी तीन टक्के वाढ. पण ही वाढ 'सरळ पद्धतीनं' आहे. हा शब्द दोनदा वाचा. सरळ म्हणजे दरवर्षी मूळ सव्वा लाखाचेच तीन टक्के, ३,७५० रुपये, वाढणार. पंचविसाव्या वर्षी हेक्टरी २,१५,००० होतात. हीच वाढ चक्रवाढ असती तर २,५४,००० च्या वर गेली असती. हेक्टरमागं एकोणचाळीस हजारांचा फरक, एका वर्षाचा. पारावर कुणी "तीन टक्क्यांनी वाढत जातंय की" म्हणालं, तर त्याला हा हिशेब मांडून दाखवा. तरी मी म्हणेन, किमान भाडं कागदावर आलं ही मोठी गोष्ट आहे. मावसभावाच्या वेळी हे असतं तर तो आज दरवर्षी पैसे घेत असता आणि माळ पण त्याचाच असता. ग्रामपंचायतीलाही वर्षाला पाच लाख, तीन वर्षं, अशी तरतूद आहे.

कुसुमच्या पहिल्या भागात आणखी एक चांगली गोष्ट आहे. त्यात शेतकरी, शेतकऱ्यांचा गट, सहकारी संस्था, उत्पादक कंपनी, पंचायत, कुणालाही अर्ध्या ते दोन मेगावॅटचा प्रकल्प स्वतःच्या पडीक जमिनीवर लावून पंचवीस वर्षं वीज विकता येते. आणि कुणी जमीन भाड्यानं दिली, तर वितरण कंपनी प्रकल्पवाल्याला द्यायच्या पैशातनं भाडं परस्पर शेतकऱ्याच्या खात्यात टाकू शकते, अशी सोय मार्गदर्शक सूचनांत आहे. मला विचाराल तर मुळशीपासून आजपर्यंतच्या सगळ्या कागदांत शेतकऱ्याच्या कामाची सगळ्यात मोठी ओळ ती आहे. प्रकल्पवाला बुडाला, विकून गेला, तरी भाडं त्याच्या खिशातनं फिरून यायची वाट बघायला नको. मग गावोगावी शेतकरी मालक का झाले नाहीत? कारण मेगावॅटला करोडोंचा खर्च, बँक सातबारा गहाण मागते, आणि महावितरण पैसे वेळेवर देईल का ही धास्ती. थकबाकीवर अधिभाराचे कडक नियम केंद्रानं २०२२ ला केले, त्यानं सुधारणा झाली. पण कर्जाची अडचण कायद्यानं अजून सोडवलेली नाही. मालकीचा हक्क दिला, भांडवल दिलं नाही. कुसुमचा हा भाग ठरल्यापेक्षा बराच मागं आहे तो त्यामुळंच, असं माझं मत आहे.

आमच्या गावातल्या सात जणांची मिळून तेवीस एकर माळरान जमीन सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत येते. मेगावॅटला चार-पाच एकर धरली तर चार-पाच मेगावॅटची जागा. त्यांना जो मसुदा दाखवला गेला तो मी बघितला. भाड्याचा आकडा बरोबर आहे. पण प्रकल्प दुसऱ्याला विकला तर भाडं कोण देणार ते नाही. भाडं परस्पर वितरण कंपनीकडून यावं हे नाही. आमच्या जमिनीवर प्रकल्पवाला कर्जाचा बोजा चढवू शकेल का, याबद्दल एक मोघम वाक्य आहे, ते मला अजिबात आवडलं नाही. आणि मुदत संपल्यावर पॅनल, खांब, खालचं काँक्रीट कोण काढणार, हे तर कुठंच नाही. पंचवीस वर्षांनी त्या माळावर आमची नातवंडं उभी असतील आणि खाली सिमेंटचे ठोकळे.

हा शेवटचा मुद्दा हवेतला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या पहिल्या पवनचक्क्यांना आता पंचवीस वर्षं होत आली. त्यांचे दराचे करार संपले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं जुनी यंत्रं काढून तिथं मोठी लावायचं सुधारित धोरण काढलंय. म्हणजे त्या पठारांवर पुन्हा गाड्या चढणार, पुन्हा रस्ते, पुन्हा तारा. माळ विकून बसलेल्यांना त्यात कुणी विचारणार नाही. भाड्यानं दिलेल्यांना विचारावं लागेल, करारात तसं लिहिलेलं असेल तर.

त्या सात जणांना मी सांगितलंय, की ही चार कलमं घातल्याशिवाय दुय्यम निबंधकाकडं जायचं नाही, आणि सातही जणांनी एकदम जायचं, एकेकट्यानं नाही. दोघांना घाई आहे, एकाच्या मुलीचं लग्न आहे. तो म्हणतो पहिल्या वर्षाचं भाडं आगाऊ मिळतंय. त्याला मी नाही म्हणू शकत नाही, पण मसुदा वकिलाला दाखवायचा खर्च सातांत वाटून घ्यायचं ठरलंय. तुमच्याकडं कुणाचा असा करार झाला असेल तर कमेंटमध्ये लिहा, विशेषतः जमीन मोकळी करून द्यायचं कलम कसं घातलं ते. नावं-गावं लिहू नका, नुसतं कलम लिहा. पाऊस उघडला की आल्याला भर लावायची आहे, त्याच्या आधी गुरुवारी आम्ही बसणार आहोत.